स्वाक्षरीच्या टेबलापलीकडचा माणूस

विज्ञानकथा-मालिकांच्या चाहत्यांचे मेळावे म्हटले की एक ठरावीक चित्र रंगवले जाते. हॉटेलच्या सभागृहात एका लांब टेबलामागे एक वयस्क नट बसलेला असतो, त्याच्यापुढे त्याच्याच तरुणपणीच्या छायाचित्रांची चळत असते, आणि समोरच्या रांगेत अंतराळयानावरचे गणवेश घातलेली, टोकदार कान लावलेली मंडळी ताटकळत उभी असतात. विनोदी कार्यक्रम आणि वर्तमानपत्रांतले लेख या दृश्याकडे बहुतेक वेळा कीव करण्याच्या सुरातच पाहतात. नटाची कीव, कारण त्याला आता दुसरे काम मिळत नाही. आणि चाहत्यांची कीव, कारण त्यांना म्हणे खऱ्याखोट्यातला फरक कळत नाही. मला ही कीव पूर्णपणे अनाठायी वाटते. या मालिका मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, त्यांतल्या कलाकारांची आत्मचरित्रे वाचली आहेत, मेळाव्यांची चित्रणे तासन्तास पाहिली आहेत आणि अशा एका रांगेत स्वतः उभीही राहिले आहे. त्या सगळ्यातून माझे असे मत बनले आहे की अभिनयाच्या व्यवसायात सहसा हाती न लागणारी एक गोष्ट त्या टेबलापाशी नटाला मिळते: आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे त्याला माणसांच्या तोंडून कळते.

रंगभूमीवरच्या नटाला प्रेक्षक समोर दिसतो आणि प्रयोग पडला की रंगला हे त्याच रात्री समजते. दूरचित्रवाणीच्या नटाचे तसे नसते. तो सकाळी सहाला रंगभूषेच्या खुर्चीत बसतो, दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी दृश्ये देतो, आठवड्याभरात एक भाग संपवतो आणि पुढच्या भागाची संहिता हातात घेतो. प्रेक्षक म्हणजे त्याच्यासाठी वाहिनीच्या कचेरीतून येणारा एक आकडा. ‘स्टार ट्रेक’ ही एका अंतराळयानावरच्या चमूची मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली तेव्हा हा आकडा तिच्या बाजूचा नव्हता. दुसऱ्या वर्षातच ती बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा असा भडिमार केला की मार्च १९६८ मध्ये एका भागाच्या शेवटी, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला प्रक्षेपणातूनच करावी लागली. तिसरे वर्ष मिळाले, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, आणि जून १९६९ मध्ये एकूण ७९ भागांनंतर मालिका थांबली. कलाकार आपापल्या वाटेने गेले. त्यांच्या लेखी एक नोकरी संपली होती.

पुढे जे घडले त्याची कल्पना त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. मालिकेचे जुने भाग स्थानिक वाहिन्यांना विकले गेले आणि त्या वाहिन्यांनी ते संध्याकाळी, शाळकरी आणि महाविद्यालयीन मुले घरी असण्याच्या वेळेत, रोज दाखवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा दिसणारी माणसे आता रोज घरात येऊ लागली. मुलांना संवाद पाठ झाले, यानाच्या कोणत्या मजल्यावर काय आहे याचे नकाशे वहीत काढले गेले, हाताने टंकलेली चाहत्यांची नियतकालिके निघाली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात चाहत्यांनी एक मेळावा भरवला. काहीशे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता; आले तीन हजारांहून अधिक. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी आणि विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह पाहुणे होते, आणि अमेरिकेची अंतराळसंस्था नासा हिने प्रदर्शनासाठी आपले साहित्य पाठवले होते. कलाकारांना बोलावण्याची प्रथा पुढच्या मेळाव्यांपासून रुजली.

या काळात ते कलाकार कुठे होते हे पाहिले म्हणजे त्या पहिल्या भेटींचे वजन लक्षात येते. त्या वेळच्या करारांनुसार पुनःप्रक्षेपणाचे मानधन पहिल्या काही खेपांपुरतेच मिळत असे. म्हणजे मालिका रोज, गावोगावी दिसत होती, चेहरे घरोघरी पोहोचत होते आणि नटाच्या खिशात त्यातले काही येत नव्हते. दुसरीकडे तेच चेहरे इतके ओळखीचे झाले होते की नव्या भूमिकेसाठी निर्माते कचरत. कर्णधार कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर १९६९ च्या उन्हाळ्यात घटस्फोट आणि रिकामा खिसा घेऊन नाटकांच्या दौऱ्यावर होते आणि ट्रकच्या मागच्या भागावर बसवलेल्या एका छोट्या खोपट्यात मुक्काम करत होते. माणूस चंद्रावर उतरला तो क्षण त्यांनी तिथेच, एका इवल्याशा कृष्णधवल टीव्हीवर पाहिला. तीन वर्षे पडद्यावर ताऱ्यांमधून यान हाकणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती रात्र अशी आली. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे.

सगळ्यांत जास्त मला ज्यांच्याबद्दल लिहावेसे वाटते ते जेम्स डूहन. मालिकेत ते यानाचे मुख्य अभियंता, सगळ्यांचे लाडके ‘स्कॉटी’. डूहन मूळचे कॅनडाचे, आयरिश वंशाचे. आवाज आणि लकबी बदलण्यात त्यांचा हातखंडा होता आणि स्कॉटीचा स्कॉटिश हेल हा त्यांनी चाचणीच्या वेळी करून दाखवलेल्या अनेक हेलांपैकी एक होता. मालिका संपल्यावर तोच हेल त्यांच्या मानगुटीवर बसला. काम मागायला गेले की उत्तर मिळे, या नाटकात स्कॉटिश माणसाची भूमिका नाही. पुढे एका स्नेह्याने, जो पेशाने दंतवैद्य होता, त्यांना सांगितले की तू मेल्यानंतरही लोक तुला स्कॉटीच म्हणणार आहेत, तेव्हा भांडत बसू नकोस, प्रवाहाबरोबर जा. डूहन यांनी ते ऐकले, आणि माझ्या मते अभिनयाच्या इतिहासात क्वचितच कोणी एखादी भूमिका इतक्या औदार्याने स्वीकारली असेल.

त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट नव्हते. ६ जून १९४४ रोजी कॅनडाच्या सैन्यातले तरुण अधिकारी म्हणून ते नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरले होते. त्या रात्री आपल्याच एका बिचकलेल्या पहारेकऱ्याच्या गोळ्या त्यांना लागल्या: चार पायात, एक छातीवर, जी भावाने दिलेल्या चांदीच्या सिगारेट-डबीवर अडली, आणि एक त्या बोटात. मालिकेत तो हात शक्यतो चौकटीबाहेर राहील याची काळजी घेतली जाई. यंत्राच्या कळा दाबतानाचा हात जवळून दाखवायचा असेल तर दुसऱ्या कोणाचा तरी हात चित्रित होई. मेळाव्यात अशी आडोशाची सोय नसते. टेबलावर, छायाचित्रांच्या चळतीशेजारी, हात तसाच दिसतो. पडद्यावरच्या अभियंत्याचे अख्खे यान खोटे होते, पण समोर बसलेल्या माणसाचे युद्ध खरे होते, आणि चाहत्यांना हे दोन्ही एकाच वेळी कळत होते. ज्यांना खऱ्याखोट्यातला फरक कळत नाही असे म्हटले जाते, तेच हे लोक.

डूहन यांनी सांगितलेली एक हकीकत आता बरीच ज्ञात आहे, तरी ती इथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. एका तरुण मुलीचे पत्र त्यांना आले, आणि वाचताच त्यांच्या लक्षात आले की ही मुलगी जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या बेतात आहे. त्यांनी तिला फोन लावला आणि सांगितले की मी स्कॉटी बोलतोय, इंडियानापोलिसच्या मेळाव्याला मी येणार आहे, तुला तिथे भेटायचे आहे. ती आली. तिची अवस्था पाहून ते हादरले. मग त्यांनी तिला पुढच्या मेळाव्याचे ठिकाण सांगितले, मग त्याच्या पुढच्या, आणि दोन-तीन वर्षे हा क्रम चालू राहिला. डूहन यांच्या सांगण्यानुसार त्यांनी तिच्याशी चांगल्या गोष्टी बोलण्यापलीकडे काही केले नाही. नंतर तिची गाठ पडेनाशी झाली. कित्येक वर्षांनी तिचे पत्र आले, त्यात तिने आभार मानले होते आणि कळवले होते की इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी तिला नुकतीच मिळाली आहे. हे सांगताना कॅमेऱ्यासमोर त्यांचे डोळे भरून येतात, आणि आयुष्यातले हे आपले सर्वांत मोलाचे काम, असे ते म्हणतात.

या प्रसंगात मेळाव्याची काय जागा आहे ते पाहावे. फोनवर त्यांनी तिला दिलासा दिला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढची तारीख दिली. एक ठिकाण, एक दिवस, आणि तिथे आपली वाट पाहणारा एक माणूस. ज्या फेऱ्यांना बाहेरचे लोक उतरत्या काळातली पोटापाण्याची सोय म्हणतात, त्याच फेऱ्यांमुळे डूहन यांना हे करता आले. आणि तिने घेतलेली पदवी अभियांत्रिकीची होती हाही निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार नाही. मिलवॉकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने डूहन यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती याचसाठी, की तिथल्या अनेक विद्यार्थ्यांनी आपण स्कॉटीमुळे या क्षेत्रात आलो असे सांगितले होते. मालिकेत यानावरचे डॉक्टर, डॉ. मॅकॉय, साकारणारे डीफॉरेस्ट केली यांचीही अशीच गोष्ट आहे. त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचे होते, ते घरच्या परिस्थितीमुळे जमले नाही. आणि पुढे मेळाव्यांत माणसे येऊन त्यांना सांगू लागली की तुमच्यामुळे आम्ही डॉक्टर झालो.

सगळ्यांनाच हे सहज जमले असे मात्र नाही. यानावरचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक, जो अर्धा मानव आणि अर्धा व्हल्कन या परग्रहावरच्या वंशाचा, साकारणारे लेनर्ड निमॉय यांचे स्पॉकशी असलेले भांडण प्रसिद्ध आहे. विमानतळावर एका आईने आपल्या मुलाला त्यांच्यापुढे उभे करून हाच तुझा स्पॉक असे सांगितले, आणि मुलगा या साध्या कपड्यांतल्या, साध्या कानांच्या माणसाकडे कोऱ्या नजरेने पाहत राहिला. हा प्रसंग त्यांच्या मनात रुतला आणि १९७५ साली त्यांनी आत्मचरित्राला ‘मी स्पॉक नाही’ या अर्थाचे शीर्षक दिले. आत पुस्तकभर स्पॉकबद्दलची आपुलकीच होती, पण चाहत्यांनी शीर्षक वाचले आणि ते दुखावले. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांचे दुसरे आत्मचरित्र आले आणि त्याचे शीर्षक बरोबर उलट होते. मधल्या काळात काय बदलले, याचे उत्तर मला त्यांच्याच एका जुन्या पत्रात दिसते. १९६८ साली, मालिका चालू असतानाच, कृष्णवर्णीय आई आणि गोरे वडील असलेल्या एका मुलीने एका किशोरवयीनांच्या नियतकालिकातून स्पॉकला पत्र लिहिले होते. तू अर्धा मानव आणि अर्धा व्हल्कन, तसेच माझेही. मला कुठलाच गट आपला म्हणत नाही, असे तिचे म्हणणे होते. निमॉय यांनी तिला सविस्तर उत्तर दिले आणि त्यात लहानग्या स्पॉकला हेच कसे भोगावे लागले असते, आणि लोकप्रिय होण्यापेक्षा आपल्या अंगच्या गुणांवर उभे राहण्याचा निर्णय त्याने कसा घेतला असता, हे लिहिले. त्या उत्तरात नट आणि भूमिका यांच्यामधली रेघ जवळजवळ पुसली गेली आहे. तिथे ते मी स्पॉक नाही म्हणून अंग काढून घेत नाहीत, कारण समोरच्या मुलीला त्या घटकेला स्पॉकचीच गरज होती.

शॅटनर यांचा प्रवास आणखी लांबचा. १९८६ च्या डिसेंबरात त्यांनी एका विनोदी कार्यक्रमात मेळाव्यातल्या चाहत्यांना उद्देशून, जरा स्वतःचे आयुष्य जगा, अशा अर्थाचे फटकारे मारणारे प्रहसन केले. ते खूप गाजले, अनेक चाहते त्यावर मनापासून हसले आणि अनेकांना ते लागले. पुढे त्यांनी चाहत्यांच्या मेळाव्यांवरच पुस्तक लिहायला घेतले आणि त्यासाठी सभागृहांत जाऊन लोकांशी बोलू लागले, तेव्हा कुठे त्यांना समजले की ही माणसे आपल्याला पाहण्यापेक्षाही एकमेकांना भेटायला येतात. हे उमजण्यासाठी त्यांना कित्येक वर्षे लागली याचे मला वाईट वाटते, पण उमजले आणि त्यांनी ते छापून सांगितले याचा आदरही वाटतो. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांची मैत्री कशी जुळते हे मी जवळून पाहिले आहे. नट त्यात निमित्त असतो, आणि चांगल्या नटाला तसे निमित्त होण्यात कमीपणा वाटत नाही.

मी ज्या रांगेत उभी होते तिथला नट मोठ्या नावाचा नव्हता. फार पूर्वी बंद पडलेल्या एका अंतराळमालिकेत त्यांनी दुय्यम अधिकाऱ्याची भूमिका केली होती. ठळक नावांची टेबले सभागृहाच्या मध्यभागी होती आणि यांचे टेबल कडेला, दाराजवळ. माझ्या पुढे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी छायाचित्र पुढे सरकवले आणि विचारले की अमुक भागात यान कोसळत असताना तुम्ही डावीकडच्या तीन कळा दाबता आणि चौथीवर हात ठेवून थांबता, तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या मनात काय चाललेले असते? नटाने चष्मा काढला, छायाचित्र डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ते फलक रंगवलेल्या लाकडाचे होते, त्यामागचे दिवे एक तंत्रज्ञ टेबलाखाली आडवा पडून हाताने लावत असे, आणि चौथा दिवा वेळेवर लागेना म्हणून मी थांबलो होतो. मला वाटले, गृहस्थ हिरमुसतील. त्यांनी उलट टेबलावर दोन्ही हात टेकवले आणि विचारले, त्या तंत्रज्ञाचे नाव तुम्हांला आठवते का? नावासकट त्या माणसाच्या सवयी, त्याचा सतत बिघडणारा टॉर्च आणि चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी त्याने कोणाला न सांगता काढून नेलेला एक दिवा, हे सगळे पुढच्या काही मिनिटांत बाहेर आले. मागची रांग खोळंबली होती, पण कोणी चुळबूळ केली नाही; सगळे ऐकत होते.

त्या दिवसापासून मला असे वाटत आले आहे की या भेटीत दोन अर्धवट आठवणी एकमेकींना भेटतात. चाहत्याला जे दिसले ते नटाने कधी पाहिलेलेच नसते, कारण तो दृश्याच्या आत होता आणि पुष्कळ नट आपले भाग पाहतही नाहीत. नटाला जे आठवते, म्हणजे उकाडा, अवघडलेला पोशाख, लाकडी फलक, सहकाऱ्याचा त्या दिवशीचा स्वभाव, ते चाहत्याला पडद्यावरून कळण्याचा मार्ग नसतो. दोघांकडचे मिळून ते काम पुरे होते.

काही वेळा तर ते काम शाबूत राहते तेच चाहत्यांमुळे. ब्रिटनमधल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत १९६६ ते १९६९ या काळात ‘डॉक्टर’ या नायकाची भूमिका करणारे दुसरे नट पॅट्रिक ट्रॉटन यांची कथा मला या बाबतीत विलक्षण वाटते. बीबीसीने त्या काळातल्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या किंवा नष्ट केल्या. जुना कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्यात ट्रॉटन यांचे पन्नासहून अधिक भाग गेले. पण घराघरांत काही मुले टीव्हीच्या ध्वनिवर्धकाजवळ मायक्रोफोन धरून प्रत्येक भागाचा आवाज टेपवर उतरवून घेत होती, घरच्यांना गप्प बसवून. त्या टेपांमुळेच आज मालिकेच्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज उपलब्ध आहे आणि बीबीसीनेच पुढे त्यावर निवेदन आणि रेखाचित्रे चढवून ते भाग पुन्हा प्रकाशित केले. ज्या संस्थेने काम करवून घेतले तिला ते सांभाळावेसे वाटले नाही; ज्यांचा त्या संस्थेशी काडीचा संबंध नव्हता त्या मुलांना वाटले. चाहत्यांना वेडे म्हणणाऱ्या कोणीही ही एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

ट्रॉटन स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहणारे. नटाविषयी प्रेक्षकाला जितके कमी माहीत तितकी भूमिका खरी वाटते, असे त्यांचे मत होते आणि मालिका चालू असताना ते मुलाखती टाळत. उतारवयात मात्र ते अमेरिकेतल्या मेळाव्यांना जाऊ लागले आणि व्यासपीठावर एखाद्या खोडकर मुलासारखे खुलू लागले. २८ मार्च १९८७ रोजी जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस इथे, मेळाव्याच्याच हॉटेलात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ६७ होते. घरापासून इतक्या दूर मरण आले म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत, आणि कुटुंबीयांच्या दृष्टीने ते दुःख केवढे असेल हे मी समजू शकते. तरीही, ज्यांचे काम पुसून टाकले गेले होते त्या नटाचे अखेरचे दिवस, ते काम तोंडपाठ असलेल्या माणसांत गेले, ही गोष्ट मला हलकी वाटत नाही.

मेळाव्यातली भेट कधीकधी नटाच्या आयुष्याला वळण देते, याचे सर्वांत मोठे उदाहरण निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे आहे. ‘स्टार ट्रेक’मधली संपर्क अधिकारी उहुरा त्यांनी साकारली. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडून रंगभूमीकडे जाणार होत्या आणि त्यांनी राजीनामाही दिला होता. त्याच सुमारास एका समारंभात त्यांना सांगण्यात आले की तुमचे एक चाहते तुम्हांला भेटू इच्छितात. वळून पाहतात तो समोर मार्टिन ल्यूथर किंग. आपल्या घरी मुलांना जागून पाहू दिली जाणारी ही एकच मालिका आहे, तुम्ही ती सोडता कामा नये, कारण तिथे प्रथमच आपली माणसे जशी दिसायला हवीत तशी दिसतात, असे त्यांनी निकल्स यांना बजावले. सोमवारी निकल्स यांनी राजीनामा मागे घेतला. हा जगातला सर्वांत प्रसिद्ध चाहता म्हणावा लागेल, पण त्यांनी केले ते इतर चाहते करतात तेच: तुमच्या कामाचा अर्थ आमच्यासाठी काय आहे, हे त्यांनी कामाच्या कर्त्रीला सांगितले.

पुढे १९७५ साली एका मेळाव्यात निकल्स यांनी नासाच्या एका शास्त्रज्ञाचे भाषण ऐकले. अंतराळाच्या त्या सगळ्या चित्रांत आपल्यासारखे कोणी कसे नाही, हा प्रश्न त्यांना सतावू लागला, आणि १९७७ मध्ये स्पेस शटलसाठी अंतराळवीरांची भरती सुरू असताना स्त्रिया आणि अल्पसंख्याक समाजांतले उमेदवार पुढे आणण्याचे काम त्यांनी नासासाठी अंगावर घेतले. त्या विद्यापीठांत गेल्या, व्यावसायिक संघटनांसमोर बोलल्या. आठ हजारांहून अधिक अर्ज आले आणि जानेवारी १९७८ मध्ये जाहीर झालेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया होत्या. सॅली राइड, ज्युडिथ रेझनिक, गायन ब्लूफर्ड, रोनाल्ड मॅकनेअर ही नावे त्याच तुकडीतली. पुढे सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, डॉ. मे जेमिसन, लहानपणी उहुराला पाहत मोठ्या झालेल्या होत्या आणि यानावर आपली पाळी सुरू करताना त्या उहुराचे वाक्य उच्चारत. ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत त्यांनी एक छोटी भूमिकाही केली.

मेळाव्यांतले सगळेच मला आवडते असे नाही. हा व्यवहार आहे हे उघड आहे: आयोजक नटाला किमान रकमेची हमी देतात, स्वाक्षऱ्यांचे उत्पन्न त्याहून कमी पडले तर फरक भरून देतात, आणि त्यामुळे रांग पुढे ढकलत राहण्याची घाई असते. व्यवहाराला माझी हरकत नाही. ज्यांना पुनःप्रक्षेपणाचा पैसा मिळाला नाही त्यांनी आपल्या चेहऱ्याचे मोल उशिरा का होईना वसूल करावे. पण पाच-सात सेकंदांत खांद्याला खांदा लावून छायाचित्र काढायचे आणि पुढच्याला जागा द्यायची, ही पद्धत मला मुळीच रुचत नाही. तिथे शब्दच बोलला जात नाही. आणि थकलेल्या, आजारी कलाकारांना दिवसभर बसवून ठेवले जाते तेव्हा चाहत्यांनीच रांगेतून बाहेर पडले पाहिजे असे मला ठामपणे वाटते. प्रेमाचे माप स्वाक्षऱ्यांच्या संख्येत नसते.

डूहन यांचे चाहते या कसोटीला उतरले. २००४ साली, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या डूहन यांच्यासाठी हॉलिवूडमध्ये निरोपाचा मेळावा भरला. तिथे बोलायला आले ते नील आर्मस्ट्राँग, जे सार्वजनिक कार्यक्रमांपासून कटाक्षाने दूर राहत. आपल्या वाट्याला कधी नवे यान आले तर त्यावर स्कॉटीसारखा अभियंता हवा, अशी भावना त्यांनी बोलून दाखवली आणि एका जुन्या अभियंत्याकडून दुसऱ्या जुन्या अभियंत्याला म्हणून आभार मानले. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाला डूहन अभियंता नव्हते हे पक्के ठाऊक होते. पण ज्या पेशाला तोवर पडद्यावर फारसा चेहरा नव्हता त्याला डूहन यांनी चेहरा दिला, हेही त्याला ठाऊक होते.

तुम्ही कधी अशा मेळाव्याला गेलात तर मध्यभागातल्या लांब रांगा टाळून आधी कडेच्या टेबलांकडे जावे, असे मी सांगेन. एखाद-दुसऱ्या भागात परग्रहवासी झालेले, तासन्तास रबराचा मुखवटा चढवून बसलेले, ज्यांचा खरा चेहरा त्या भागात एकदाही दिसला नाही असे कलाकार तिथे बसलेले असतात. ते कोणत्या भागात होते हे आधी पाहून जावे, कारण आपले काम ओळखणारा माणूस समोर आला की त्यांचा चेहरा क्षणात बदलतो. आवडता संवाद म्हणून दाखवा अशी फर्माईश शक्यतो करू नये. मुखवट्याच्या आत श्वास कसा घेत होता, संवाद ऐकू येत होते का, दिग्दर्शकाने भूमिकेबद्दल काय सांगितले होते, असे काही विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे.